स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा, अर्थ भलताच!

बोरूबहाद्दर

मंडळी, भाचीला इंग्रजी पुस्तकं मोठ्याने वाचायचा नाद लागलाय, आणि शंका विचारायला घरात मीच सापडतो. सध्या तिचं घोडं एका जागी अडलंय. एल-ई-ए-डी हे वाचायचं कसं? मी सांगितलं, पुढे नेणं असेल तर 'लीड' आणि शिसं असेल तर 'लेड'. तिचा लगेच पुढचा प्रश्न, "पण वाक्य संपल्याशिवाय मला कळणार कसं? तोवर मी वाचून मोकळी झालेली असते!"

प्रश्न बिनतोड आहे. मग आम्ही असले शब्द गोळा करायला बसलो. टी-ई-ए-आर: अश्रू असेल तर टिअर, फाडायचं असेल तर टेअर. डब्ल्यू-आय-एन-डी: वारा असेल तर विंड, गुंडाळायचं असेल तर वाइंड. बी-ओ-डब्ल्यू: धनुष्य असेल तर बो, कमरेत वाकणं असेल तर बाउ. आर-ओ-डब्ल्यू: रांग असेल तर रो, कडाक्याचं भांडण असेल तर राउ. एस-ओ-डब्ल्यू: पेरणं असेल तर सो, डुकरीण असेल तर साउ. आणि आर-ई-ए-डी तर स्वतःचाच भूतकाळ, रीडचं रेड, अक्षर एकही न बदलता.

तर प्रश्न असा: याला काही नियम आहे, की घोकंपट्टीला पर्याय नाही? माझं मत विचाराल तर दोष लिपीचा आहे. आपल्यासारखी 'लिहितो तसं वाचतो' लिपी असती तर ही भानगडच उद्भवली नसती.

तिरपागडा

पयला!

टेअर झालेलं पत्र पाहून टिअर आले. मायन्यूट चूक शोधण्यात तीस मिनिटं गेली. चालू द्या.

चष्मेबद्दूर

हेटेरोनिम म्हणतात यांना. वाचनखूण साठवली आहे, सवडीने लिहितो.

खवचट_काका

चष्मेबद्दूर, तुमच्या सवडीच्या वाटेवर डोळे लावून बसलेले तीन धागे अजून जिवंत आहेत.

कानोसा

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मला दिसत नाही, त्यामुळे दिवसभर स्क्रीन रीडर कानाशी बोलत असतो. तुम्ही शब्द पाहून उच्चार ठरवता. माझ्याकडे उच्चार आधीच ठरून येतो, आणि तो ठरवलेला असतो यंत्राने.

शिशाच्या विषबाधेवरचा एक मोठा लेख मी ऐकत होते. यंत्राने पहिल्यापासून शेवटपर्यंत 'लीड पॉयझनिंग' असंच वाचलं. म्हणजे नेतृत्वालाच विषबाधा! थेट प्रक्षेपणाची बातमी असेल तर कधी 'लाइव्ह', कधी 'लिव्ह'. सगळ्यात जास्त गोंधळ मथळ्यांत होतो, कारण तिथे पूर्ण वाक्यच नसतं. आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधायला यंत्राला काही मिळतच नाही. संक्षेपांचं तेच. एस-टी आलं की संत की रस्ता, आणि डी-आर आलं की डॉक्टर की ड्राइव्ह. बहुतेक वेळा जमतं, पण पत्ता ऐकताना मध्येच एखादा डॉक्टर उगवतो.

शंका आली की मी शब्द अक्षराअक्षराने वाचायला लावते. पण लीड-लेडच्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य. अक्षरं तीच की हो!

तिरपागडा

"नेतृत्वाला विषबाधा" _/\_ हसून हसून पुरेवाट

व्याकरणवाली

बोरूबहाद्दर, तुमच्या यादीत एक मोठं खानदान राहिलंय, आणि नियम नेमका त्याच खानदानाला आहे. रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, प्रेझेंट, प्रोड्यूस, कॉन्ट्रॅक्ट, रिफ्यूज, डेझर्ट. दोन अवयवांच्या (सिलेबल्सच्या) या शब्दांत नाम असेल तर जोर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, हरकत घेणं म्हणजे अब्जेक्ट. कचरा म्हणजे रेफ्यूस, नकार देणं म्हणजे रिफ्यूझ. करार म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, आकसणं म्हणजे कन्ट्रॅक्ट. जोर सरकला की ज्या अवयवावरून तो उठला त्याचा स्वर बसतो, म्हणून आपल्याला उच्चार वेगळा ऐकू येतो.

आपल्या कानाला हे पटकन जाणवत नाही, कारण मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. शिवाय आपण हे शब्द उचलताना नामाचाच उच्चार उचलला आणि त्याला 'करणे' जोडलं. 'गाणं रेकॉर्ड केलं', 'प्रोजेक्ट केलं'. क्रियापदाची गरज 'करणे' भागवतं, त्यामुळे 'रिकॉर्ड' आपल्याकडे कधी आलाच नाही.

गंमत म्हणजे ही खोड इंग्रजीत हळूहळू वाढत गेलीय. पीटर लेव्हिन्सचा १५७० चा यमककोश आहे, त्यात अशा जोड्या जेमतेम तीन सापडतात: आउटलॉ, रेबेल आणि रेकॉर्ड. आज शंभराच्या वर आहेत.

चिंचोका

नियम म्हणताय खरा, पण रिपोर्ट, सपोर्ट, रिस्पेक्ट? नाम असो की क्रियापद, जोर शेवटावरच. मग कसला नियम?

व्याकरणवाली

नियम नाही तर कल म्हणा. पण त्याचा उपयोग एका बाजूने पक्का आहे. असा शब्द दोन तऱ्हांनी उच्चारला जातो हे माहीत असेल, तर कुठली तऱ्हा कधी वापरायची हा प्रश्न उरत नाही. नामाचा जोर दुसऱ्या अवयवावर आणि क्रियापदाचा पहिल्यावर, अशी उलटी जोडी निदान माझ्या पाहण्यात नाही.

जुनापुराणा

व्याकरणवालीताईंनी सांगितलं ते बरोबर, पण ते प्रकरण निराळं आणि लीड-लेड निराळं. रेकॉर्ड आणि रिकॉर्ड हा एकच शब्द दोन कामं करतो. लीड आणि लेड यांचं एकमेकांशी काही नातं नाही. दोन अनोळखी माणसं एकाच रंगाचा सदरा घालून एका फोटोत आलीत, इतकाच संबंध.

धनुष्याचा 'बो' जुन्या इंग्रजीतल्या 'बोगा'वरून आला आणि वाकण्याचा 'बाउ' 'बूगन'वरून. (या दोघांचं फार मागे एकच मूळ होतं, पण ते राहू द्या.) जखमेचं 'वूंड' वेगळं आणि गुंडाळण्याचा भूतकाळ 'वाउंड' वेगळा. संगीतातला 'बेस' आणि 'बॅस' नावाचा मासा यांची तर ओळखदेखही नाही.

हे असं झालं कारण स्पेलिंग आणि बोलणं यांची चुकामूक झाली. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. त्याच दरम्यान, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि छापील स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली. तोंड पुढे निघून गेलं, कागद मागे राहिला. शिशाच्या शब्दाचा स्वर मुळात दीर्घच होता. ब्रेड, डेड, हेड यांच्याबरोबर तोही आखूड झाला, पण स्पेलिंगमधलं ई-ए तसंच राहिलं. 'लीड' या क्रियापदाचा स्वर मात्र दीर्घच राहिला आणि वर चढून 'ई' झाला.

वाऱ्याचा 'विंड'ही एके काळी 'वाइंड'च होता. रोजच्या बोलण्यात तो आखडला तरी कवींनी सोडला नाही. एकोणिसाव्या शतकातले कवीसुद्धा वाऱ्याचं यमक 'बिहाइंड'शी बिनधास्त जुळवत.

चिंचोका

मग लीडचा भूतकाळ एल-ई-डी का? रीडसारखंच तेच स्पेलिंग ठेवायचं होतं की.

जुनापुराणा

ठेवलं नाही, पण लोक ठेवतात! रीडच्या नादाने भूतकाळातही एल-ई-ए-डी लिहिणारे ढिगाने सापडतील, आणि त्यात जन्मापासून इंग्रजी बोलणारेही आहेत. शिशाचा उच्चार 'लेड'च असल्याने डोळ्यांना ते खटकतही नाही.

तिरपागडा

म्हणजे "त्याने संघाचं शिसं केलं."

फळा_आणि_खडू

मिनिट आणि मायन्यूट हा शब्द कोणी उलगडला नाही म्हणून लिहिते. इथे जुनापुराणा यांचे अनोळखी फोटोवाले नाहीत, सख्खी भावंडं आहेत. लॅटिनमध्ये 'मिनूता' म्हणजे बारीक केलेली. तास किंवा अंश घ्या, त्याचे साठ भाग करा, तो झाला 'पार्स मिनूता प्रिमा', म्हणजे पहिला बारीक भाग. त्या भागाचे परत साठ करा, तो 'पार्स मिनूता सेकुंदा', दुसरा बारीक भाग. पहिल्याचं नाव 'मिनूता'वरून मिनिट पडलं आणि दुसऱ्याचं नुसतं 'सेकुंदा'वरून सेकंद. 'सूक्ष्म' या अर्थाचं विशेषण थेट लॅटिनमधून नंतर घेतलं, त्यामुळे त्याचा जोर शेवटी राहिला आणि उच्चार 'मायन्यूट' झाला.

वर्गात हे सांगितलं की घड्याळाकडे पाहणारी पोरंसुद्धा दोन मिनिटं गप्प बसतात.

खवचट_काका

दोन बारीक भाग गप्प बसतात असं म्हणा.

लेखणीतोड

बोरूबहाद्दर, तुमच्या "लिहितो तसं वाचतो" वर मी थांबलोय. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की कोणी तपासून बघत नाही. 'जग' हा शब्द वाचा. पाणी ओतायचं भांडं की सगळी दुनिया? भांड्याचा ज तालव्य ('जीव'मधला), दुनियेचा दंत्य ('जाळं'मधला). 'जरा' म्हणजे थोडं की म्हातारपण? 'चर' म्हणजे खणलेला खड्डा की 'चराचर'मधला हलणारा? लिपीत फरक दिसत नाही, तोंडात आहे. तुमच्या भाचीची तक्रार जशीच्या तशी मराठीलाही लागू पडते.

बोरूबहाद्दर

लेखणीतोड, मान्य. पण च, ज, झ एवढ्यापुरतंच ना ते? इंग्रजीत तर कुठला स्वर कधी दगा देईल याचा नेम नाही. निदान इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले तरी घोळ मिटतो. 'लीड' आणि 'लेड' वेगळे दिसतात की नाही?

लेखणीतोड

एक घोळ मिटतो आणि तीन नवे उभे राहतात. देवनागरीत 'रेड' लिहा. आता सांगा, लाल रंग, पोलिसांची धाड, की 'वाचलं'? इंग्रजीत तिघांची स्पेलिंगं वेगळी आहेत, आणि धाडीचा तर उच्चारही वेगळा. 'लेड' म्हणजे शिसं की 'अंथरलं'? 'टेस्ट' म्हणजे चाचणी की चव? 'डेट' म्हणजे तारीख की कर्ज? 'पेन' म्हणजे लिहायचं की दुखायचं? 'सेल' म्हणजे विक्री की पेशी? आपण ऱ्हस्व आणि दीर्घ ए एकाच मात्रेने लिहितो, त्यामुळे इंग्रजीने नीट वेगळी ठेवलेली माणसं आपण एका खोलीत कोंबतो.

कानोसा

लेखणीतोड +१. मराठी आवाज लावला की 'टेस्ट' आणि 'टेस्ट' अगदी एकसारखे ऐकू येतात. "टेस्ट चांगली झाली" हे वाक्य मी आजवर दोन्ही अर्थांनी ऐकलंय.

घागर_गडगडली

नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं ते प्रसिद्ध कोडं कोणी टाकलं कसं नाही? जी-एच-ओ-टी-आय याचा उच्चार 'फिश'! 'इनफ'मधला जी-एच म्हणजे फ, 'विमेन'मधला ओ म्हणजे इ, 'नेशन'मधला टी-आय म्हणजे श. इंग्रजी स्पेलिंगची लक्तरं त्यांनी वेशीवर टांगली.

चष्मेबद्दूर

सवड मिळाली. हे कोडं शॉ यांच्या नावावर खपतं, पण त्यांचं नाही. १८५५ च्या एका पत्रात ते सापडतं, आणि शॉ जन्मले १८५६ मध्ये.

खवचट_काका

हुशार माणूस. जन्माआधीच सुरुवात केली.

चष्मेबद्दूर

शिवाय कोडं लबाड आहे. शब्दाच्या सुरुवातीला जी-एच कधीच फ होत नाही, आणि शब्दाच्या शेवटी टी-आय कधी श होत नाही. म्हणजे इंग्रजी स्पेलिंगला काही शिस्तच नाही हे दाखवायला जे उदाहरण देतात, ते त्या शिस्तीकडे काणाडोळा केल्याशिवाय उभंच राहत नाही.

आता माझी भर. कॅपिटल अक्षराने उच्चार बदलणारेही आहेत. पी लहान असेल तर पॉलिश, मोठा असेल तर पोलिश माणूस. एन लहान असेल तर नाइस, मोठा असेल तर फ्रान्समधलं नीस शहर. आर मोठा असेल तर वाचन नव्हे, इंग्लंडमधलं रेडिंग. आणि हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले की सगळं पुन्हा धुक्यात.

रसायनी

आमच्याकडची जुनी गंमत. यू-एन-आय-ओ-एन-आय-झेड-ई-डी हा शब्द समोरच्याला वाचायला द्या. 'युनियनाइज्ड' वाचलं तर साधा माणूस, 'अन-आयोनाइज्ड' वाचलं तर रसायनशास्त्रवाला. कामगार संघटना एकीकडे, विद्युतभार नसलेले रेणू दुसरीकडे.

ताळेबंद

आमच्या जुन्या कचेरीत यावरून खरोखर रामायण झालं होतं. एका वरिष्ठांनी करारावर पुन्हा सही करायचं ठरवलं आणि तसं मेलवर कळवलं. मधली आडवी रेघ विसरली. 'री-साइन' ऐवजी 'रिझाइन' झालं. दुपारपर्यंत निरोप समारंभाच्या वर्गणीची यादी फिरायला लागली.

तिरपागडा

वर्गणी परत मिळाली का?

ताळेबंद

नाही. नंतर त्यातूनच त्यांच्या नव्या कराराचं अभिनंदन केलं.

गणपुले_नव्हे

ए-एक्स-ई-एस. कुऱ्हाडी असतील तर 'ॲक्सिझ', आलेखाचे अक्ष असतील तर 'ॲक्सीझ'. शेवट आखूड की लांब, एवढाच फरक. क्ष-अक्ष आणि य-अक्ष एकमेकांना छेदतात हे वाक्य दोन्ही प्रकारे वाचून बघा.

व्याकरणवाली

मगाशी घाईत दोन खानदानं राहिली. ए-टी-ई शेवटी असलेले शब्द: क्रियापदात 'एट', विशेषणात किंवा नामात 'इट'. वेगळं करणं सेपरेट, वेगळा सेपरिट. पदवी घेणं ग्रॅज्युएट, पदवीधर ग्रॅज्युइट. आपण माणसालाही ग्रॅज्युएटच म्हणतो ते सोडा.

दुसरं स आणि झ. उपयोग 'यूस', वापरणं 'यूझ'. जवळचा 'क्लोस', बंद करणं 'क्लोझ'. घर 'हाउस', आसरा देणं 'हाउझ'. या हाउझचं कारण छान आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या शेवटी प्रत्यय असे, त्यामुळे हा स दोन स्वरांच्या मध्ये सापडून झ व्हायचा. पुढे प्रत्यय गळून गेला, झ तेवढा मागे राहिला.

उंबरठा

हे सगळं भारी चाललंय, पण भाचीचा प्रश्न कोणीच घेतला नाही. तिने व्युत्पत्ती विचारली नव्हती. मोठ्याने वाचताना वाक्य संपायच्या आत कळणार कसं, हे विचारलं होतं.

फळा_आणि_खडू

उंबरठा, बरं झालं आठवण केलीत. याचं उत्तर आहे. मोठ्याने वाचताना डोळा जिभेच्या पुढे असतो. सरावलेला वाचक एक शब्द बोलतो तेव्हा त्याची नजर पुढच्या दोन-तीन शब्दांवर गेलेली असते. नवशिक्याची नजर जिभेच्या शेजारीच चालते, म्हणून तो फसतो. तेव्हा मुलांना यादी पाठ करायला देऊ नका, नजर पुढे टाकायला शिकवा. आमच्या वर्गात एक खेळ आहे. मूल वाचत असताना मध्येच पान झाकायचं आणि पुढचे शब्द सांगायला लावायचे. सुरुवातीला एकही सांगता येत नाही. हळूहळू दोन येतात, मग तीन.

बाकी खुणा सोप्या आहेत. आधी 'द' किंवा 'अ' आलं की बहुधा नाम, 'टू' आलं की बहुधा क्रियापद. व्याकरणवालींची सगळी खानदानं एवढ्यावर सुटतात. योगायोगाने जुळलेले, म्हणजे लीड, टिअर, बो, रो, बेस असले, नेहमीच्या वाचनात दोन डझनांच्या आसपास येतात. ते पुन्हा पुन्हा भेटून आपोआप बसतात.

रीड-रेडला मात्र कधी कधी खरोखरच उत्तर नसतं. "आय रीड द लेटर्स" एवढंच वाक्य असेल तर मी रोज वाचते की वाचून झालं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तिथे भाचीने हवं ते वाचावं, कोणी चूक म्हणू शकत नाही.

बोरूबहाद्दर

पान झाकायचा खेळ आजच करून बघतो. धन्यवाद ताई. लिपीबद्दलचं माझं मत लेखणीतोड यांनी निम्म्यावर आणलंय. उरलेलं निम्मं मी सोडणार नाही.

लेखणीतोड

चालेल. निम्मं मलाही पटतं.

सुईदोरा

वाचनमात्र होते, पण आमचा शब्द कोणीच घेतला नाही म्हणून आले. एस-ई-डब्ल्यू-ई-आर. शिवणारी व्यक्ती असेल तर 'सोअर', गटार असेल तर 'सूअर'. इंग्रजीत शिवणकामावर लिहिणाऱ्या बायका याला इतक्या कंटाळल्या की आता त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतःला 'सोइस्ट' म्हणवतात. सरळ नवा शब्दच पाडला.

खवचट_काका

गटारवाल्यांकडून काही हरकत?

सुईदोरा

हरकत म्हणजे ऑब्जेक्ट की अब्जेक्ट?